भूचाल म्हणा, धरणीकंप नको

रिक्षावर भोंगा बांधून गल्लोगल्ली ओरडत फिरणं हा माझा धंदा होता. नागपुरात मला लोक भोंगेवाला म्हणूनच ओळखत. नाव कोणी विचारलं नाही. घरी बायको होती, ती ‘अजी’ म्हणायची. मागच्या उन्हाळ्यात ती गेली. भोंगा त्याच्या आधीच विकला होता.

या अंकवाल्यांनी सांगितलं, तुमच्या धंद्यातलं काही लिहा. मी म्हटलं, माझं शिक्षण चौथीपर्यंत. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. मी बोलतो तसं लिहिलं तर ते छापता येणार नाही, म्हणून आवरून लिहितो आहे. शुद्धलेखन ज्याचं त्यानं पाहावं.

लोकांना वाटतं या धंद्यात आवाज लागतो. आवाज मशीनचा असतो. माणसाला लागतो तो थांबायचा धीर. एक वाक्य बोलायचं आणि गप्प बसायचं. बोललेलं समोरच्या भिंतीवर जाऊन परत येतं, ते येऊ द्यायचं. त्याच्या आत दुसरं वाक्य सोडलं की दोन्ही एकमेकांवर आपटतात आणि लोकांना नुसतं भांभां ऐकू येतं. नवे लोक इथंच चुकतात. त्यांना वाटतं पैसे बोलण्याचे मिळतात.

दुसरी गोष्ट, भोंगा सगळी अक्षरं सारखी नेत नाही. ‘आ’ लांब जातो. ‘ओ’ जातो. ‘ई’ भोंगा खाऊन टाकतो. का खातो ते मला विचारू नका, मी मशीन बनवणारा नाही. मी ‘साडी’ म्हटलं की गल्लीच्या टोकाला ‘साड’ पोचते. साडीचं चालून जातं, बाया बरोबर समजतात. पण सगळ्याच शब्दांचं चालून जात नाही.

म्हणून नवा मजकूर आला की पहिल्या फेरीला मी बायकोला घेऊन जात असे. तिचं नाव अनुसया. ती गल्लीच्या टोकाला जाऊन उभी राहायची. मी इकडून बोलायचो. नीट ऐकू आलं तर ती उभीच राहायची. नाही आलं तर चालत यायची आणि सांगायची, अमुक शब्द बदला. मजकूर देणारा शेठ असो की पुढारी, शब्द तिनं सांगितला तो बदलायचा. बाहेर कोणाला हे माहीत नव्हतं. माझी वाहवा व्हायची, की भोंगेवाल्याचं कसं साफ ऐकू येतं. मी वाहवा घेऊन घरी यायचो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकानं आपल्याच गल्लीत मला हे सांगत फिरवलं की त्याचं आणि त्याच्या भावाचं भांडण झालेलं नाही, अफवांवर विश्वास ठेवू नये. तोपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला माहीत झालं आणि दोघं भाऊ खरंच भांडले. इलेक्शनमध्ये सकाळी एकाची रिक्षा, दुपारून दुसऱ्याची. पानठेल्यावर कोणी तरी म्हणायचंच, “काहून गा, सकाळी याले द्या म्हणतं, आता त्याले द्या म्हणतं. तू कोणाले देतं?” मी म्हणायचो, “मी मशीनले आराम देतो.” मयतीचं सांगायचं असलं तर पैसे घेत नव्हतो. दसऱ्याला मैदानावर गर्दी व्हायची तेव्हा हरवलेल्यांचं सांगायचो, त्याचेही नाही.

आता कोयनेचं सांगतो.

अनुसयेचा धाकटा भाऊ मोतीराम. आईबाप लवकर गेले, तिनंच त्याला वाढवला. लग्नही तिनंच करून दिलं. बायकोचं नाव सखू. नागपुरात काम मिळेना तेव्हा एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर तो तिकडं कोयनेला गेला, धरणाच्या भागात दगड फोडायला. सखूलाही घेऊन गेला. अनुसया तेव्हा म्हणाली होती, एवढ्या लांब दगडच फोडायचे तर इथं काय दगड कमी आहेत? पण गेला.

हिवाळ्यात तिकडं भूकंप झाला. पहाट व्हायच्या आधी, लोक घराघरात झोपलेले असताना. आम्हाला चौकातल्या हॉटेलातल्या रेडिओवर समजलं. मी घरी येऊन अनुसयेला सांगितलं. ती म्हणाली, “मोतीराम?” मी म्हटलं, रेडिओवाला मोतीरामाचं कशाला सांगन? तारघरात जाऊन तार केली. उत्तर आलं नाही. त्या दिवसांत ती जेवत होती, पण उभ्यानं. भाकर हातात घ्यायची आणि दारात उभी राहून खायची. बस म्हटलं तर बसत नव्हती.

आमच्या वस्तीच्या बुद्धविहारात बैठक झाली. मदत गोळा करायची ठरलं. पुढाकार गुरुजींचा. गुरुजी शाळेत मास्तर, विहाराचं सगळं तेच पाहायचे. भला माणूस. कपडे, भांडी, पांघरुणं, ज्वारी, जे मिळेल ते गोळा करून रेल्वेनं पाठवायचं. भोंग्याचं काम अर्थातच माझं. मजकूर गुरुजींनी दिला. चांगला होता. ‘बंधू-भगिनींनो, कोयना परिसरात झालेल्या भीषण धरणीकंपामुळे आपल्या असंख्य बांधवांचे संसार उघड्यावर आले आहेत.’ असं पुढं बरंच.

मी म्हटलं, “गुरुजी, भूकंप म्हणू का?”

गुरुजी म्हणाले, “भूकंप रेडिओ म्हणतोय. धरणीकंप म्हटलं की काळजाला भिडतं. धरणी म्हणजे आई.”

मला पटलं. अनुसयेला त्या दिवशी मी सोबत नेलं नाही. एक तर मयताच्या घरासारखी अवस्था, त्यात तिला हा मजकूर कुठं ऐकवायचा? रिक्षा ओढायला बाबूलाल होता, तो नेहमीचाच. आम्ही मागच्या बाजूनं सुरू केलं, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, जी झोपडी-वस्ती आहे तिथून. आमचं घर त्याच्या पलीकडे.

दोन-चार वेळा मजकूर बोललो असेन. पाहतो तर लोक घरातून निघून राहिले. मला वाटलं, कपडे द्यायला आले. कोणाच्या हातात काही दिसेना. एक बाई डोक्यावर पेटी घेऊन उलट्या दिशेनं चालली. एका म्हाताऱ्याला दोघांनी खाटेसकट उचललेला. दौलत म्हणून एक माणूस होता, अंगानं आडवातिडवा, तो बगलेत कोंबडा दाबून पळत येत होता. घरात बायको होती, म्हातारी होती. हा कोंबडा घेऊन निघाला.

मी माईक बाजूला केला. “काहून पळून राहिला गा दौलत?”

“काहून म्हणजे? तूच त सांगून राहिला, धरण फुटलं म्हणून!”

“अबे, धरणीकंप म्हटलं!”

“धरण कंप म्हणजे काय मंग? धरण हाललंच ना? पाळ आमच्या डोक्यावर हाय, तुह्यं काय जाते!”

तेवढ्यात बाबूलाल म्हणाला, “भैया, भौजी दौड़ती आ रही है.”

अनुसया धावत येत होती. लुगड्याचा काष्टा सुटत आलेला, डोक्यावर पदर नाही. मी तिला कधी धावताना पाहिलं नव्हतं. रिक्षाजवळ येऊन तिनं चाकाला हात लावला आणि उभी राहिली. दम लागला होता.

“अजी, धरण फुटलं अन् मले सांगतलं नाही तुम्ही?”

“कोणं सांगतलं फुटलं?”

“तुम्हीच बोंबलून राहिले ना! घरापोत आयकू येऊन राहिलं. धरण, धरण. मोतीराम धरणाच्या खाली राहते. गेला ना मंग तो? सरळ सांगा ना, गेला म्हणून.”

मी तिला सांगितलं. धरण नाही, धरणी. ‘ई’ गेली. तिला हे समजावून सांगायची गरज नव्हती, हा धंदा तिला माझ्याइतकाच कळत होता. ती ऐकत उभी राहिली. मग चाकावरचा हात काढला, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, “कोणाचा शब्द हाय हा?”

“गुरुजींचा.”

“भूचाल म्हणा. भूचाल साऱ्यायले समजते. मंग थांबा. मंग म्हणा, जमीन हालली. मंग थांबा. मंग म्हणा, घरं पडली. बस्स. बाकीचं नका म्हणू.”

आणि ती गल्लीच्या टोकाला चालत गेली. जाऊन उभी राहिली. मी बोललो, “कोयनेकडं भूचाल आला.” थांबलो. “जमीन हालली.” थांबलो. “घरं पडली.” ती हलली नाही, म्हणजे ऐकू गेलं. तिच्या भावाचं घर पडलं असं मी तिला भोंग्यातून सांगत होतो आणि तिला नीट ऐकू येतं की नाही हे ती मला सांगत होती. असा हा धंदा.

गुरुजींना मी घाबरत घाबरत सांगितलं, मजकूर बदलला. ते म्हणाले, “भूचाल हिंदी शब्द आहे हो.” मी म्हटलं, “लोक धरण फुटलं म्हणून कोंबडे घेऊन पळाले.” गुरुजी इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागले. म्हणाले, “मग भूचालच ठीक. हिंदीला सांगू या, आठ दिवसांसाठी उसना घेतला.”

मदत चांगली जमली. लोकांनी दिलं. आमच्या वस्तीतल्या बायांनी वाकळा दिल्या, स्वतःच्या लुगड्यांच्या शिवलेल्या. एकीनं मुलीच्या लग्नाचं नवं पातेलं दिलं. काहींनी घर साफ करून घेतलं, म्हणजे फाटका कोट, दांडी नसलेली छत्री, एका पायाचा बूट. अनुसया विहारात बसून निवडायची. फाटकं दिसलं की देणाऱ्याच्या घरी परत नेऊन द्यायची. “तुमचं वापस घ्या. त्यायचं घर पडलं हाय, लाज नाही पडली.” गुरुजींना संकोच वाटायचा, देणाऱ्याचं मन दुखेल म्हणून. ती म्हणायची, दुखू द्या. मग मजकुरात तिनं एक ओळ घालायला लावली, ‘अंगावर घालान तेच द्या.’ ती ओळ शहरभर गाजली. पोरं मागून ओरडायची, अंगावर घालान तेच द्या!

रामदासपेठेत, धंतोलीत बंगल्यांसमोरून फिरलो. तिथं ओरडावं लागत नाही, शांत असतं. एका बंगल्याच्या गच्चीवरून बाईनं विचारलं, कोणत्या वस्तीतले तुम्ही? मी सांगितलं. ती आत गेली आणि घोंगडी घेऊन आली. खाली उतरून हातात द्यायच्या ऐवजी तिनं ती वरूनच रिक्षात टाकली. घोंगडी चांगली होती, जाड. घेतली.

मोतीरामाची काही खबर नव्हती. सामान गेलं, सामानाबरोबर गेलेले लोक परत आले, त्यांनी मोतीराम पाहिला नव्हता. थंडी सरत आली. अनुसया अजून उभ्यानंच जेवत होती.

मग एक दिवस तो आला. दुपारची वेळ, मी मशीनची बॅटरी उतरवत होतो. अंगणात उभा राहिला. मी ओळखलं नाही, इतका वाळला होता. अनुसया बाहेर आली. त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या मागं पाहिलं.

“सखू?”

तो म्हणाला, “बाई, मी बाहेर गेलो होतो ना.”

एवढंच म्हणाला. नंतर तुकड्या-तुकड्यानं समजलं. मजुरांच्या खोल्या होत्या. दगडांच्या भिंती, चिखलात रचलेल्या, वर टिनाचे पत्रे, आणि टिन उडू नये म्हणून टिनावर दगड. तो बाहेर गेला होता, पोट साफ करायला. परत येत होता तर जमीन हालली. तो खाली बसला. उठला तेव्हा खोली नव्हती. भिंत आत पडली आणि टिनावरचे दगड वरून पडले. पोट पाच मिनिटं लवकर साफ झालं असतं तर दोघंही गेले असते, असं तो नंतर कधीतरी म्हणाला. त्याला ते नशीब वाटत नव्हतं. तो फक्त सांगत होता.

अनुसया रडली. तो आल्याचं आणि सखू गेल्याचं एकाच वेळी रडायचं होतं, तिला ते जमेना. मग म्हणाली, “आत ये. जेवून घे.”

तो दारापर्यंत आला. चौकटीजवळ थांबला. वर पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. “इथंच दे बाई.”

उंबऱ्याबाहेर बसून जेवला. अनुसयाही त्याच्यासमोर बसून जेवली, उंबऱ्याच्या आतून. त्या दिवशी ती बसून जेवली. मला वाटलं, झालं, मिटलं. भूक लागेल, थंडी लागेल, येईल आत. तो आला नाही. अंगणात खाट टाकून झोपला. पावसाळा लागला तेव्हा विहाराच्या ओसरीवर झोपायला जाऊ लागला, ती तीन बाजूंनी उघडी होती. पण छपराखाली, चार भिंतींच्या आत पाय ठेवला नाही.

गुरुजी त्याला भेटायला आले. बसून सगळं ऐकलं. मग मला म्हणाले, “आपल्याही वस्तीत टिनावर दगडच आहेत.” मी वर पाहिलं. आमच्याही होते. नागपुरात उन्हाळ्यात वादळं सुटतात, टिन पतंगासारखं उडतं, म्हणून दगड ठेवायचे. सगळेच ठेवतात. उडण्याची भीती दर साल असते. पडण्याची भीती कोणाला माहीतच नव्हती.

गुरुजींनी ठरवलं, लोकांना सांगायचं. भूचाल आला तर काय करायचं आणि यायच्या आधी काय करायचं. मला म्हणाले, “फेरी काढा.” मी म्हटलं, “लोक हसतील. नागपुरात भूचाल येत नाही.” ते म्हणाले, “आला नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे.” मजकूर ठरवायला आम्ही अंगणात बसलो, कारण मोतीराम आत येत नव्हता. गुरुजी म्हणाले, पुस्तकात सांगितलंय, जमीन हालली की टेबलाखाली जावं. अनुसया म्हणाली, “टेबल कोणाच्या घरी हाय, गुरुजी?” गुरुजींनी विचार केला आणि म्हणाले, “माझ्याही घरी नाही.” मोतीराम म्हणाला, “आपल्या घरायले एकच. पळा बाहेर, अन् भितीपासून दूर व्हा. भितीच्या जवळ उभं राहालं त भीत बाहेर बी पडते.” भीत म्हणजे भिंत. हे त्यानं सरळ सांगितलं. गुरुजींनी तसंच लिहून घेतलं.

मजकूर झाला. ‘टिनावरचे दगड खाली काढा. टिन तारेनं बल्लीले बांधा. झोपता त्याच्यावर फळीवर भांडे ठेवू नका. जमीन हालली त बाहेर पळा, भितीपासून दूर.’ बल्ली म्हणजे छपराचा वासा. अनुसया टोकाला उभी राहिली, सगळं ऐकू गेलं.

लोकांनी टिंगल केली. दौलत तर रिक्षाच्या आडवाच आला. “आधी धरण फोडलं, आता भूचाल आणून राहिला का? दगड काढले अन् टिन उडालं त तुहा भोंगा पकडन का?” मी म्हटलं, “तार बांध ना.” तो म्हणाला, “तार तुह्या बापानं देऊन ठेवली?” पण मागं मोतीराम चालत होता. लोक त्याला ओळखत होते, काय झालं ते माहीत होतं. त्याला पाहिलं की टिंगल थोडी कमी व्हायची.

मोतीरामानं मग स्वतःच ते काम घेतलं. शिडी लावायची, टिनावर चढायचं, दगड खाली द्यायचे, भोकं पाडून तारेनं बल्लीला टिन आवळायचं. तो टिनावर चढायचा, टिनाखाली जात नव्हता. वरून खालच्या माणसाला सांगायचा, आतून तार ओढ. बऱ्याच घरांचं त्यानं केलं. दगड उतरवले ते विहाराच्या मागं टाकले, ढीग झाला.

धंद्यातली एक गोष्ट इथं सांगतो. माणूस भोंग्यातलं पहिलं वाक्य ऐकतो आणि कामाला लागतो. दुसरं वाक्य निघून गेलेलं असतं. तुम्ही कितीही थांबा. दौलतनं पहिलं वाक्य ऐकलं. दगड काढले, कोणाला न सांगता. तार बांधली नाही. वैशाखात वादळ सुटलं तेव्हा त्याचं टिन उडालं ते विहाराच्या अंगणात येऊन पडलं, दगडांच्या ढिगाजवळ. कोणाला लागलं नाही. दौलत कोंबडा बगलेत घेऊन माझ्या घरासमोर आला आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडला, “तुह्या भोंग्यानं माह्यं टिन उडवलं!” त्याला भोंग्याची गरज नव्हती. मोतीराम उठला, तारेचं भेंडोळं घेतलं आणि त्याच्याबरोबर गेला. ते टिन पुढं कधी उडालं नाही.

फेरी आम्ही नंतर दर साल काढत राहिलो, वादळाच्या आधी. गुरुजी होते तोवर त्यांचं लक्ष असे, नंतर सवयीनं. भूचाल काही आला नाही. मग हे सगळं कशाला केलं, असं लोक विचारतात. आला असता तर मी बरोबर ठरलो असतो आणि वस्ती पडली असती. मी चूकच राहिलो ते बरं.

अनुसयेचं मात्र एकच चाललं होतं. मोतीरामाला आत आणायचं. दुसरं लग्न कर म्हणाली, तो हसला. दर सांजेला दारात उभी राहून म्हणायची, “आत ये गा आता.” तो म्हणायचा, “ठीक हाय बाई इथंच.” रागावली, रडली, बोलणं सोडलं. बोलणं सोडलं की जेवण वाढताना बोलावं लागायचं, म्हणून ते टिकत नव्हतं. मग तिनं मला बाजूची भिंत पाडायला लावली. विटामातीची भिंत होती, चांगली होती. ती पाडून तिथं बांबूच्या तट्ट्याचा कूड घातला आणि तिकडची खोली वेगळी केली. वर हलकं गवत. त्याला हात धरून दाखवायला नेलं.

“पाय, तट्टा हाय नुसता. अंगावर पडला तरी काय लागते तुले?”

त्यानं तट्टा हलवून पाहिला. दारात बसला, पाय बाहेर. म्हणाला, “बाई, तुह्या घराबद्दल माह्यं काही म्हणणं नाही. चांगलं केलं तुनं.”

“मंग ये ना!”

“उद्या येतो.”

त्या खोलीत आम्ही ज्वारी ठेवायला लागलो. त्यानंतर ती फक्त एवढंच विचारायची, “आज का उद्या?” तो म्हणायचा, “उद्या.” दोघांचा तो खेळच होऊन बसला. मला वाटायचं, तिनं नाद सोडला. नव्हता सोडला.

अशी किती तरी वर्षं गेली. मी म्हातारा झालो, तीही. टेपरेकॉर्डर आले, मजकूर एकदा भरून घेतला की रिक्षात नुसतं बसायचं, माणूस लागत नाही. मी धंदा सोडला.

मागच्या साली तिला धंतोलीत दवाखान्यात ठेवावं लागलं. पोटाचं दुखणं. दवाखाना मोठा, माडीवर माडी. मोतीराम आत येणं शक्यच नव्हतं. तो समोर रस्त्यापलीकडं कडुनिंबाखाली बसून राहायचा. डब्बा मी आत न्यायचो. ती खिडकीजवळच्या खाटेवर होती. उठवत नव्हतं तेव्हा मला विचारायची, “बसला का तो?” मी खिडकीतून पाहून सांगायचो, बसला. एकदा म्हणाली, “उन्हात हाय का सावलीत?” मी म्हटलं, सावलीत. तो उन्हात होता. सावली सरकली होती, तो सरकला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, घरी न्या. घरी आणली. सकाळी दहाच्या सुमाराला गेली. आमची विटांची खोली आहे ती, आतली, तिथंच.

वस्ती जमली. बायांनी आंघोळ घातली. आता माहेरची साडी. बाई गेली की माहेरची साडी तिच्या भावानं अंगावर घालायची, हे आम्ही बुद्ध झालो तरी सुटलेलं नाही. फक्त साडी पांढरी असते. मोतीराम जाऊन ती घेऊन आला होता आणि अंगणात काखेत धरून उभा होता. लोक कुजबुजायला लागले. दौलत आता म्हातारा, काठी टेकत पुढं आला. मला म्हणाला, हळू आवाजात, त्याला हळू बोलता येतं हे मला पहिल्यांदाच कळलं. “भोंगेवाले भाऊ, त्याले आत जायले नका लावू. आपण तिले बाहेर आणू, अंगणात. तिथं घालन तो साडी. काही बिघडत नाही.”

मी म्हटलं, ठीक आहे. चौघं जण पुढं झाले.

मोतीराम म्हणाला, “थांबा.”

चप्पल काढली. दारापर्यंत आला. चौकटीला हात लावला, वर पाहिलं, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच. बाया आतून बाजूला झाल्या. त्यानं उंबरा ओलांडला आणि आत गेला.

तिच्याजवळ बसला. साडीची घडी उलगडली, अंगावर पसरली, दोन्ही बाजूंनी खोचली. पायापर्यंत ओढून घेतली. घाई केली नाही. मग तिच्या डोक्याजवळ सरकला आणि तिच्याशी नेहमी बोलायचा तशा साध्या आवाजात म्हणाला, “बाई वं, आलो.”

कोणी तरी रडलं. मी रडलो की नाही ते मला सांगता येत नाही. तो आत होता तेवढा वेळ मी त्या खोलीच्या भिंतीला दोन्ही हात लावून उभा होतो.